थंड फाल्गुनातील प्रकाश सापळा: पडदा कोरा राहिला तर नोंद थांबवावी का?

रातवा (तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ)
२४ फेब्रुवारी, रात्री ९.५०

सर्वांना नमस्कार.

आमचे शेतातील घर नाल्याच्या काठावर आहे. घराच्या मागे, गोठ्यापासून थोड्या अंतरावर, मी तीन वर्षांपासून पांढरा पडदा बांधून रात्रीच्या पतंगांची नोंद ठेवत आहे. सुरुवातीला १६० वॅटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा होता. मृगातल्या एका रात्री तापलेल्या काचेवर पावसाचे चार थेंब पडले आणि तो फुटला. तेव्हापासून २० वॅटची अतिनील नळी बॅटरीवर चालवतो. पडद्याखाली अंड्यांचे रिकामे ट्रे उभे करून ठेवतो, कारण पडद्यावर न थांबणारे पतंग त्यांच्या खाचांत जाऊन बसतात.

पावसाळ्यात एका रात्रीत साठ-सत्तर प्रकार मोजता मोजता पहाट होते. यंदाच्या फेब्रुवारीत मात्र पडदा जवळपास कोरा राहतो आहे. माघाच्या शेवटी थंडी ओसरेल असे वाटले होते, परंतु मधल्या अवकाळी पावसानंतर रात्री पुन्हा गारठल्या. सायंकाळी सातला १९ अंशांवर असलेला पारा दहापर्यंत १४ वर येतो आणि पहाटे १२ च्याही खाली उतरतो. १ फेब्रुवारीपासून मी १४ रात्री दिवा लावला. त्यांपैकी पाच रात्री एकही पतंग आला नाही. उरलेल्या नऊ रात्रींत मिळून सात प्रकार आले. हरभऱ्यावरील घाटेअळीचा पतंग, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, सर्वांत जास्त. माठ-तांदुळज्यावर वाढणारा, पंखांवर पांढरे पट्टे असलेला स्पोलाडिया. रताळ्याच्या वेलावर वाढणारा मोठा अ‍ॅग्रियस दोनदा. उंबरावरचा असोटा एकदा. आणि तीन लहान प्रकार, ज्यांची ओळख मला अजून पटलेली नाही.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीची वही काढून पाहिली, तर तीत १९ प्रकार आहेत. म्हणून दोन प्रश्न विचारतो. पतंग खरोखरच कमी झाले, असे यावरून म्हणता येईल काय? आणि कोऱ्या पडद्यासमोर बसून राहण्यापेक्षा गुढीपाडव्यापर्यंत दिवा बंद ठेवणे योग्य ठरेल काय?

---

शृंगिका (अकोला, कीटकशास्त्राची विद्यार्थिनी)
२४ फेब्रुवारी, रात्री ११.२०

रातवाकाका, पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण नीट पाहिले की दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर त्यातच सापडते.

सापळ्यात मोजलेली संख्या ही शिवारातील पतंगांची संख्या नसते. शिवारात जे होते, त्यांतले जे त्या रात्री उडू शकले, आणि उडालेल्यांतले जे दिव्याजवळून गेले, तेवढ्यांचीच ती मोजणी असते. पतंगाला उडण्याआधी छातीतील स्नायू तापवावे लागतात. अ‍ॅग्रियससारखे मोठे हॉकमॉथ जागीच पंख थरथरवून स्वतःला ऊब आणतात आणि त्यामुळे गारव्यातही उठू शकतात. आपल्या सात प्रकारांत तो दोनदा दिसला, हे मला त्या दृष्टीने अगदी समजण्याजोगे वाटते. बारीक अंगाच्या, लहान पतंगांना ही सोय फारशी नसते. ते गवतात, सालीच्या भेगेत किंवा पालापाचोळ्यात बसून राहतात. तेथे ते असतातच; आपल्याला दिसत नाहीत इतकेच.

दिवा पतंगाला दुरून ओढून आणतो, ही समजूतही थोडी बाजूला ठेवावी. २०२४ च्या जानेवारीत 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिशय वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांवरून असे दाखवले आहे, की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाच्या दिशेला वळवतात. मोकळ्या आकाशाखाली ही सवय त्यांना सरळ उडायला मदत करते, परंतु जवळच दिवा असला की तीच सवय त्यांना त्याच्याभोवती फिरवत ठेवते. याचा अर्थ असा, की दिव्याच्या जवळून आधीच उडत जाणारा पतंगच प्रामुख्याने अडकतो. जो गारठून बसला आहे, त्याच्यापर्यंत आपल्या दिव्याची हाक पोहोचत नाही.

आता मला आपल्याकडून एक गोष्ट समजून घ्यायची आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपण एकूण किती रात्री दिवा लावला होता, आणि त्यांतल्या किती रात्री काहीच आले नव्हते? १९ प्रकार पाच रात्रींत आले की वीस रात्रींत, हे कळल्याशिवाय त्या आकड्याशेजारी यंदाचे सात ठेवता येणार नाहीत.

---

संत्राबाग (वरुड परिसर, जिल्हा अमरावती)
२५ फेब्रुवारी, सकाळी ६.४५

मी नोंदी ठेवणारा अभ्यासक नाही, बागायतदार आहे. पण हा विषय माझ्या वावराशी निगडित आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडेही बांधावर प्रकाश सापळा आहे. त्याखाली घमेल्यात रॉकेल मिसळलेले पाणी असते. यंदा घमेले रिकामे दिसल्यामुळे दोन शेजाऱ्यांनी 'अळी नाही' असे धरून हरभऱ्याकडे पाठ फिरवली. मी मात्र रोज सकाळी ओळीत बसून झाडे पाहत होतो, आणि घाट्यांना भोके पडलेली मला त्या रिकाम्या आठवड्यातच दिसली. अंडी आधीच्या उबदार रात्रींत घातली गेली असणार. तेव्हा शृंगिकाताई म्हणतात ते मला प्रत्यक्ष पटलेले आहे: घमेले रिकामे असणे आणि वावर निर्धास्त असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कपाशीच्या बाबतीत आपल्याला आकड्याची शिस्त शिकवली गेली आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात जे नुकसान केले, त्यानंतर कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, गावोगाव लागले, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले तर उपाय करावा, हा नियम शेतकऱ्यांच्या तोंडपाठ झाला. त्या नियमात 'सलग', 'तीन रात्री' आणि 'प्रत्येक सापळ्यात' हे तिन्ही शब्द आहेत, म्हणूनच त्या आठ आकड्याला अर्थ आहे. प्रकाश सापळ्याबाबत आपण इतके काटेकोर कधीच नसतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. संत्र्याच्या फळात सोंड खुपसून रस पिणारे मोठे पतंग आमच्या बागेत फळगळ करून जातात, पण दिव्याच्या घमेल्यात ते क्वचितच सापडतात. असे का?

---

रातवा
२५ फेब्रुवारी, रात्री ८.३०

शृंगिकाताई, आपल्या प्रश्नाने मला दुपारभर वही चाळायला लावली, आणि जे आढळले ते येथे स्पष्ट लिहितो. गेल्या वर्षी मी ज्या रात्री काही आले, त्याच रात्री वहीत लिहिल्या आहेत. कोऱ्या रात्रींची एकही ओळ नाही. दिवा आठ रात्री लावला होता की अठरा, हे आज मला आठवणीने सांगता येत नाही. इतकेच नव्हे, तर दिवा कधी लावला आणि कधी मालवला, याचीही नोंद निम्म्या पानांवर नाही. तेव्हा १९ विरुद्ध ७ ही तुलना मी या धाग्यापुरती मागे घेतो.

मला याचे वाईट वाटते, कारण ती मेहनत खरी होती. पण जे लिहिले नाही ते आता परत मिळणार नाही.

---

मोहतळ (साकोली परिसर, जिल्हा भंडारा; शिक्षक)
२६ फेब्रुवारी, सायंकाळी ७.१५

रातवाभाऊ, आपला पडदा नाल्याकाठी आहे, हे वाचताच मला आमच्या बोडीकाठची जागा आठवली. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात झपाट्याने सोडते. जमिनीलगतची हवा थंड, म्हणून जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत सखल जागी साचते. जागलीला जाणाऱ्या कोणत्याही माणसाला हे ठाऊक आहे, की नाल्यात उतरले की पायांना गारवा झोंबतो आणि बरडावर चढले की तो सुटतो. थंड दिवसांत पडदा वर न्यावा, असे मी सुचवतो. आमच्याकडे शाळेतील मुलांनी हे स्वतः पाहिले आहे. मात्र दोन तापमापके घेणार असाल, तर आधी दोन्ही एकाच मडक्यातील पाण्यात बुडवून ठेवा आणि त्यांच्यात किती फरक आहे तो वजा करा. आमची दोन तापमापके एकाच पाण्यात दीड अंशाचा फरक दाखवत होती, आणि ते ध्यानात येईपर्यंत आम्ही महिनाभर चुकीचे निष्कर्ष काढत होतो.

पडदा कोरा राहिला की पतंग नाहीतच असे वाटते, याबद्दल आणखी एक सांगतो. आमच्या भागात ढिवर कुटुंबे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात. शेवटच्या पिकाचे बियाणे म्हणून राखलेले कोष उन्हाळाभर टांगलेले असतात आणि त्यांतील पतंग पावसाच्या तोंडावर बाहेर येतो. या मधल्या सगळ्या महिन्यांत तुम्ही कितीही दिवे लावले, तरी तो पडद्यावर येणार नाही. आणि तरीही तो घरात, तुमच्या डोक्यावर, कोषात जिवंत असतो. रानातल्या बहुतेक जातींचे कोष आपल्याला दिसत नाहीत, एवढाच फरक. वसंत थंड गेला, तर कोषातील वाढ मंदावते आणि बाहेर येण्याचा दिवस पुढे सरकतो. आता सागाची पानगळ चालू आहे. सागावर पोसणाऱ्या अळ्यांना खायला कोवळे पान पावसाआधी फारसे मिळणार नाही. अशा वेळी पडदा भरलेला असावा, ही अपेक्षाच मुळात पावसाळ्यावरून बेतलेली आहे.

याच कारणाने मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत मला फार खटकते. येत्या दोन-तीन आठवड्यांत मोह गळू लागेल आणि फुले वेचायला जमीन स्वच्छ हवी म्हणून झाडाखाली आग लावली जाईल. वेचणाऱ्या बायकांची अडचण खरी आहे. पहाटेच्या अंधारात पानांतून फुले शोधणे सोपे नाही. परंतु त्या पानांत आणि वरच्या बोटभर मातीत किती कोष असतात, ते आम्ही मुलांना एकदा चाळणीने चाळून दाखवले. तेव्हापासून आमच्या वाडीतील काही घरे पाने खराट्याने ओढून बाजूला ढीग करतात आणि झाडाखाली जुनी साडी अंथरतात.

---

मचाण (चिखलदरा तालुका)
२६ फेब्रुवारी, रात्री १०.०५

मी थोडे वेगळे मत मांडतो. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि आमच्या गावांतील थंडी तुमच्यापेक्षा बरीच जास्त असते. मी दोन हिवाळे नेटाने दर रात्री दिवा लावला. बॅटरी, झोप आणि उत्साह, तिन्ही त्यात खर्ची पडले, आणि पावसाळा आला तेव्हा मी थकलेला होतो. आता मी फक्त ढगाळ, दमट, वारा नसलेल्या रात्री निवडतो. अशा रात्री ढग पांघरुणासारखे असतात, उष्णता टिकते आणि पडदा भरतो. कमी श्रमात यादी वाढते.

दुसरी चिंता पतंगांची आहे. पहाटे गारठलेला पतंग उडू शकत नाही. एकदा मी पडदा सूर्य वर येईपर्यंत तसाच ठेवला, तर कोतवाल आणि दयाळ यांनी पडद्यावरचा एकेक पतंग टिपून नेला. खाली मुंगळ्यांची रांग लागली होती. आपण नोंद करायला बोलावले आणि मृत्यू दिला, असे त्या दिवशी मला वाटले. थंडीत दिवा लावायचाच असेल, तर दहा वाजता मालवावा, ट्रेवरचे पतंग हलक्या हाताने दाट झुडपात झाडून द्यावेत, आणि दर रात्री तीच जागा वापरू नये, कारण पक्षी जागा लक्षात ठेवतात.

---

शृंगिका
२७ फेब्रुवारी, रात्री ९.४०

मचाणदादा, पहाटेच्या पक्ष्यांविषयी आणि दहा वाजता दिवा मालवण्याविषयी आपण लिहिलेले सर्वांनी पाळावे असे आहे. बांधावरच्या रॉकेलच्या घमेल्यालाही ते लागू आहे. रात्रभर चालणाऱ्या सापळ्यात अळ्यांवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या आणि क्रायसोपासारखे मित्रकीटकही मरतात.

रात्र निवडण्याच्या बाबतीत मात्र मला भर घालायची आहे. जिल्ह्यात कोणकोणते पतंग आहेत, याची यादी करायची असेल, तर उबदार ढगाळ रात्र निवडणे अगदी योग्य. पण हे वर्ष आणि ते वर्ष यांची तुलना करायची असेल, तर रात्र आकाशाकडे पाहून निवडता येत नाही. चांगल्या रात्रीच निवडल्या, तर थंड वसंतही वहीत उबदार दिसेल. म्हणून दोन वह्या ठेवाव्यात: एक हव्या त्या रात्रींची, आणि दुसरी आधीच ठरवलेल्या रात्रींची, समजा दर शनिवारची, जी पारा कितीही असला तरी भरायची. आठवड्यातून एक रात्र, तीन तास, एवढे ओझे कोणालाही पेलता येईल.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे १९३३ साली प्रकाश सापळ्याने पतंगांची नोंद सुरू झाली, आणि पुढे तेथून देशभर जे जाळे पसरले त्यात आजही २०० वॅटचा साधा तापदीप वापरला जातो. त्याहून अधिक पतंग आणणारे दिवे नंतर निघाले. तरीही त्यांनी दिवा बदलला नाही, कारण दिवा बदलला की जुन्या आकड्यांशी नाते तुटते. काकांनी पाऱ्याचा दिवा जाऊन अतिनील नळी आणली, ती तारीख वहीत ठळक अक्षरांत असावी. तेथील पुस्तकांतून तापमानाचे आकडे मात्र उचलू नयेत. तेथे मार्चमध्ये विलोच्या फुलोऱ्यावर येणाऱ्या काही जाती आपल्या दृष्टीने कडाक्याच्या थंडीतही उडतात. त्यांची घडणच तशी आहे. आपल्या पठारावर १४ अंश म्हणजे काय, हे आपल्याच वहीतून ठरेल.

ठरलेल्या रात्रीच्या पानावर काय असावे, तेही लिहिते. तारीख दिवा लावल्याच्या संध्याकाळची धरावी, नाहीतर मध्यरात्रीनंतर आलेला पतंग दुसऱ्या दिवसाचा होऊन बसतो. दिव्याचा प्रकार आणि वॅट, लावल्याची व मालवल्याची वेळ, दर तासाचे तापमान, आकाशाचे आठ भाग कल्पून किती भाग ढगांनी व्यापले ते, आणि वारा. वाऱ्यासाठी यंत्राची गरज नाही. पान हलले, डहाळी हलली, पडदा फुगला, असे ठरलेले तीन शब्द पुरेत. चंद्रासाठी आपल्याकडे भिंतीवरची दिनदर्शिका आहे. पौर्णिमेच्या आसपास सापळ्यात येणारी संख्या सर्वत्र घटते, तेव्हा होळीच्या रात्रीचा कोरा पडदा थंडीच्या माथी मारू नये. वद्य पक्षात चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा होतो. वद्य पंचमीनंतर सात ते दहा ही वेळ संपूर्ण अंधाराची मिळते.

आणि एक फरक कटाक्षाने पाळावा. दिवा लावला आणि काही आले नाही, तर शून्य लिहावे. दिवा लावलाच नाही, तर तेथे शून्य न लिहिता 'लावला नाही' असे कारणासह लिहावे. या दोन्ही गोष्टी रिकाम्या जागेने दाखवल्या, तर पाच वर्षांनी वही वाचणाऱ्याला त्या सारख्याच दिसतील.

संत्राबाग भाऊ, आपल्या प्रश्नाचे उत्तर: फळातील रस शोषणारे युडोसिमा प्रजातीतील पतंग उजेडाला फारसे दाद देत नाहीत, ते वासाने फळाकडे जातात. त्यांच्या अळ्या संत्र्यावर वाढतच नाहीत, तर गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या धुऱ्यावरच्या वेलींवर वाढतात. त्यांची नोंद हवी असेल तर आमिष लावून पाहावे. पिकून काळी पडलेली केळी आणि गूळ एकत्र कालवून दोन दिवस आंबू द्यावा आणि सूर्यास्ताच्या सुमारास कुंच्याने झाडाच्या खोडावर हातभर उंचीचा पट्टा ओढावा. पाहायला जाताना विजेरीवर लाल जिलेटीन कागद बांधावा.

---

संत्राबाग
१२ मार्च, रात्री ९.००

आमिषाचा प्रयोग केला. गूळ आणि केळी यांच्यात पूर्व विदर्भातील एका पाहुण्याने आणलेली मोहाची वाळलेली फुले भिजवून घातली. ५ ते ११ मार्च या काळात पाच संध्याकाळी बागेच्या कडेच्या कडुनिंबावर आणि दोन संत्र्यांच्या खोडांवर पट्टे ओढले. दिव्याच्या घमेल्यात त्याच पाच रात्रींत मिळून चार पतंग होते. खोडावर मात्र एकट्या ९ तारखेला सहा होते, आणि त्यांतला एक मोठा, सुकलेल्या पानासारख्या पंखांचा. मी तो युडोसिमा फॅलोनिया म्हणून लिहिला आहे. छायाचित्रे जोडली आहेत. पहिल्यात तो पंख मिटून आहे, दुसऱ्यात हालचालीमुळे मागचा पंख थोडा उघडला आहे. मागे आलेख कागद धरला होता, म्हणजे आकार मोजता येईल.

---

शृंगिका
१२ मार्च, रात्री १०.३०

भाऊ, आलेख कागदाबद्दल विशेष आभार. पहिल्या छायाचित्रावरून मी जात सांगितली नसती. दुसऱ्यात मागचा नारिंगी पंख दिसतो आणि त्याच्या मध्यभागी गोल काळा ठिपका आहे. फॅलोनियाच्या पंखावर त्या जागी वाकडी, स्वल्पविरामासारखी काळी खूण असते. आपला पतंग युडोसिमा मॅटर्ना आहे. वहीतील नाव बदलताना जुने नाव खोडू नका. त्यावर एक रेघ ओढून शेजारी नवे नाव आणि तारीख लिहा. ओळख कशी सुधारत गेली, हीही नोंदच आहे. जेथे मागचा पंख दिसलेला नाही, तेथे केवळ 'युडोसिमा' एवढे प्रजातीचे नाव लिहिणे पुरेसे आणि अचूक आहे.

---

रातवा
१५ मार्च, सायंकाळी ६.१०

दोन आठवड्यांत जे केले ते सांगतो.

दोन्ही तापमापके सरांनी सांगितल्याप्रमाणे मडक्यात तपासली. फरक अर्ध्या अंशाचा निघाला, तो सर्वत्र वजा केला आहे. ६ ते १३ मार्च या आठ रात्रींत दिवा एक दिवस वरच्या बरडावर आणि एक दिवस नाल्याकाठी, असा आळीपाळीने लावला, कारण दिवा एकच आहे. वेळ कायम सात ते दहा. तापमान मात्र दोन्ही ठिकाणी रोज घेतले. रात्री दहा वाजता नाला बरडापेक्षा दोन ते तीन अंशांनी गार होता. फक्त १० तारखेला वारा असल्यामुळे फरक जवळपास नव्हता. नाल्याकाठच्या चार रात्रींत अनुक्रमे ३, ०, ५ आणि २ पतंग आले. बरडावरच्या चार रात्रींत ११, ४, ९ आणि ७. प्रकारांचा विचार केला तर नाल्यावर चार आणि बरडावर बारा. चार-चार रात्रींवरून मी कोणताही सिद्धान्त मांडत नाही, आणि चंद्रही या काळात रोज उशिरा उगवत गेला आहे. पण घराच्या सोयीसाठी निवडलेली जागा तीन वर्षे माझ्या नोंदींवर गारव्याची सावली धरून होती, हे मला आता मान्य करावे लागते.

नाल्याची जागा मी सोडणार मात्र नाही. तीन वर्षांची वही त्या जागेची आहे. ठरलेली शनिवारची रात्र तेथेच राहील; बरडावरचा पडदा दुसऱ्या वहीत जाईल.

काल, १४ तारखेला, दुपारपासून ढग भरून आले. उत्तरेकडचा पश्चिमी चक्रावात आणि बंगालच्या उपसागरावरचे बाष्प मध्य भारतावर एकत्र आले, की फाल्गुनात आपल्याकडे गारा ठरलेल्याच. पाच वाजता दहा मिनिटे गारा पडल्या. गव्हाच्या ओंब्या लोळल्या, आणि शेजारच्या पळसाखाली फुलांचा लाल सडा पडला. साडेसहाला पाऊस थांबला. शनिवार असल्यामुळे मी सातला नाल्याकाठी दिवा लावला. हवा दमट आणि वारा पूर्ण पडलेला. पारा सात वाजता २० आणि दहा वाजताही १९. ढगांमुळे नाला आणि बरड यांत अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. पावणेआठला पहिला स्पोलाडिया आला, त्यामागून लहान पतंगांची रीघ लागली. दहापर्यंत त्याच नाल्याकाठी, त्याच नळीवर, ४१ पतंग आणि १७ प्रकार मोजले. आदल्या रात्री तेथे दोन होते. एका दिवसात एवढे पतंग कोषांतून बाहेर आले, असे मानण्यास कारण नाही. त्यांतले बरेचसे आदल्या रात्रीही येथेच, गवतात आणि सालींत, बसून असावेत.

डोळ्यांबद्दल एक सूचना. अतिनील नळीच्या जवळ तीन तास बसल्यावर माझे डोळे दोन दिवस चुरचुरत होते. आता चष्मा लावतो आणि नळीकडे पाठ करून पडद्याची दुसरी बाजू पाहतो.

---

मचाण
१५ मार्च, रात्री ८.२०

रातवाभाऊ, १३ आणि १४ तारखेची ही जोडी वाचून मी माझे मत बदलले आहे. मी असतो तर १३ ची रात्र लावलीच नसती, आणि मग १४ च्या ४१ पतंगांचे काय करावे हे मला कळले नसते. शनिवारची वही मीही सुरू करतो.

---

मोहतळ
१६ मार्च, सायंकाळी ७.३०

१८ मार्चला अमावास्या आहे. केळापूर, वरुड, चिखलदरा, अकोला आणि साकोली अशा पाच ठिकाणी त्या रात्री सात ते दहा या वेळेत दिवा लावता येईल काय? दिवे वेगवेगळे आहेत, त्यामुळे संख्यांची आपसांत तुलना होणार नाही. पण दर तासाचा पारा आणि पहिला पतंग येण्याची वेळ आपण शेजारी शेजारी ठेवू शकतो. तापमापक जमिनीपासून छातीच्या उंचीवर, दिव्यापासून दूर टांगावा. माझ्याकडे सातवीची चार मुले आहेत. दोघे मोजतील, एक लिहील आणि एक घड्याळ सांभाळेल. मोहाची फुले गळायला लागली आहेत, त्यामुळे पहाटे त्यांच्या घरी काम असते. दहा वाजता मी त्यांना घरी पोहोचवून देईन.

---

रातवा
१६ मार्च, रात्री ९.१५

सर, माझी तयारी आहे. नाल्यावर दिवा लावीन आणि बरडावर फक्त तापमापक ठेवीन.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या पहिल्या पानावर आज लाल शाईने एक ओळ लिहिली: 'या महिन्यातील कोऱ्या रात्री नोंदवलेल्या नाहीत, एकूण रात्रींची संख्या माहीत नाही, तुलनेसाठी वापरू नये.' यंदाच्या फेब्रुवारीच्या पाच कोऱ्या रात्री मात्र तारीख, वेळ आणि तापमानासह वहीत आहेत. बुधवारी बॅटरी चढवून ठेवतो.